हरणारी बेसबॉल टीम फॉलो कशी करायची, डोकं शाबूत ठेवून

पहिलं म्हणजे एप्रिलमध्ये पॉइंट टेबल उघडून बसू नका. अमेरिकेतल्या मेजर लीगचा सीझन १६२ मॅचेसचा, जवळपास रोज एक, चार हरलो म्हणून कपाळावर हात मारलात तर मे उजाडायच्या आत खलास व्हाल. २०१९ ला वॉशिंग्टन नॅशनल्स १९-३१ वर (१९ जिंकल्या, ३१ हरल्या) होते आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज (सीझनची फायनल) घेऊन गेले, हे भिंतीवर लिहून ठेवा.

खरं दुखणं बुलपेन, म्हणजे मॅचमध्ये बदली म्हणून येणारे पिचर (बॉल टाकणारे). आठव्या इनिंगला आपण तीन रनने पुढे, रिलीव्हर (असाच बदली पिचर) येतो, पहिल्या बॅटरला वॉक (चार खराब बॉल, म्हणून फुकटात पहिला बेस), दुसऱ्यालाही वॉक, आणि मी रिमोट घेऊन सोफ्यासमोर उभा... अशा वेळी टीव्ही म्यूट करा पण बंद नका करू, बंद केला की नेमके जिंकतात (शास्त्र नाही, अनुभव आहे).

पिचरचे विन-लॉस (त्याच्या नावावरचे विजय-पराभव) सोडा, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर आउट) किती आणि वॉक किती ते बघा, त्यात जास्त कळतं.

ट्रेड डेडलाइनला (टीम्सनी प्लेयर अदलाबदल करायची शेवटची तारीख) लाडका प्लेयर गेला तर एक दिवस शिव्या घाला, मग बदल्यात आलेली पोरं मायनर लीगमध्ये (मेजरच्या खालच्या लीग) काय करतायत ते बघायला लागा. मी सध्या तेच करतोय, एक लेफ्टी भारी वाटतोय.