चित्रातला माणूस उभा राहत नाही? या चुका टाळा

समजा, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतल्या स्मरणचित्रासाठी, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्रासाठी, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्याचा विषय सराव म्हणून घेतलाय. पोती झकास, गोदामाचं पत्र्याचं छप्पर झकास, हमाल मात्र ठोकळा. मग खोडरबर निघतं आणि हमालाचा हात खोडला जातो. पुन्हा काढायचा, पुन्हा खोडायचा, कागदाला लव सुटेपर्यंत. हात बहुतेक वेळा बराच असतो हो. डोळ्याला खुपतं हातात आणि बिघडलेलं असतं कमरेत, नाहीतर पायांत. म्हणून अवयव दुरुस्त करायच्या आधी एकच बघा: या माणसाचं वजन कुठं पडतंय?

हमालाचंच घ्या. नवशिका आधी सरळ माणूस काढतो आणि मग त्याच्या पाठीला पोतं चिकटवतो. असा माणूस खरा असता तर तिथंच उताणा पडला असता. यार्डात उभं राहून नीट बघा. पाठीवर पोतं आलं की हमाल कमरेतून पुढं वाकतो, गुडघे जरा मुडपतो, मान पुढं काढतो. पोतं आणि माणूस यांचं मिळून वजन पावलांवर यावं म्हणून ही सगळी खटपट. तेव्हा आधी पावलं टेकवा, त्यांच्यामधून फिकट उभी रेघ वर न्या आणि पोतं व धड तिच्या दोन बाजूंना तोलून बसवा. चेहरा, मुंडासं, बनियन सगळं नंतर.

रिकाम्या हातानं उभा असलेला माणूसही अशाच कारणानं लाकडी दिसतो. खांदे आडवे, कंबर आडवी, दोन्ही पायांवर सारखा भार, म्हणजे कवायतीतलं 'सावधान'. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघणारं कुणी असं उभं असतं का? भार एका पायावर असतो. त्या बाजूची कंबर वर चढते, त्याच बाजूचा खांदा खाली येतो. गळ्याच्या खळगीतून सरळ खाली रेघ सोडली तर ती भार घेतलेल्या पावलाजवळ उतरते. खांद्यांची आणि कमरेची, अशा दोन तिरक्या रेघा आधी मारल्या की निम्मं काम झालं.

पाय आखूड होतात त्याचं कारण वेगळं. सुरुवात चेहऱ्यापासून, त्यातही पापण्यांपासून होते आणि गुडघ्यापर्यंत येईतो कागद संपतो. डोक्याची आणि टाचेची खूण आधी करा. बरोबर मध्यावर जांघ येते. मोठा माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो, म्हणजे स्वतःच्या डोक्याच्या साडेसातपट; वर्षाचं मूल चारच डोकी. हे विसरलं की कडेवरचं बाळ बुटक्या काकासारखं दिसतं. हात सोडून उभं राहिलं की कोपर कमरेशी, मनगट जांघेपाशी आणि बोटं मांडीच्या मध्यावर येतात. पंजा हनुवटीपासून केसांच्या कडेएवढा असतो. जवळपास सगळे तो लहान काढतात. परीक्षेत पंजे खिशात लपवले तरी माझी हरकत नाही, पण घरी लपवू नका.

पैलवान काढताना पोटावर चौकटी पाडू नका. आपल्याकडच्या तालमीत जाडजूड मान, भरलेलं धड आणि दणकट मांड्या दिसतात. जिमच्या पोस्टरवरचं पोट क्वचितच. आणि प्रत्येक पैलवान डोंगराएवढाही नसतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला कांस्यपदक जिंकले ते ५७ किलो गटात. खरी अडचण येते ती झटापटीत. तिथं दोघे एकमेकांवर रेललेले असतात, एकाला पुसलं तर दुसरा तोंडावर पडेल. तेव्हा दोघांना वेगवेगळं तोलू नका. चार पावलं एकदम मांडा आणि डोकी भिडतात ती जागा त्यांच्या मधोमध ठेवा.

नऊवारीच्या निऱ्यांचं थोडक्यात सांगतो: आत पाय काढल्याशिवाय निऱ्या काढू नका. जमलं तर सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात जाऊन राजा रविवर्मा आणि धुरंधर या चित्रकारांची मूळ चित्रं बघा आणि लुगड्याच्या आत गुडघा कुठं असेल ते हुडका. तिथंच ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचं आई आणि मुलाचं दगडी शिल्पही आहे. साडेसात डोक्यांचा हिशोब त्याला लागू नाही, तरी ते डळमळीत वाटत नाही.

चूक सापडतच नसेल तर चित्राची बाजू काचेकडे करून कागद खिडकीला लावा आणि मागून बघा. कललेला माणूस लगेच उघडा पडतो. मोबाइलवर काढत असाल तर चित्र आडवं फ्लिप करा.

सरावाला सूर्यनमस्कारासारखं दुसरं काही नाही. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा एवढा प्रसार केला आणि ते स्वतः चित्रकारही होते. घरातल्या कुणाला तरी नमस्कार घालायला लावा आणि प्रत्येक स्थिती अर्ध्या मिनिटात पाच-सहा रेघांत पकडा, बोटं आणि नाकडोळे न काढता. कुणी तयार नसेल तर स्वतःचाच व्हिडिओ काढून थांबवत थांबवत बघा.