कॅल्शियमची गोळी जेवणावर, डीची पुडी रविवारी

आमच्या मागच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी एका संध्याकाळी दुकानात आले आणि म्हणाले, "ती हाडाची पावडर द्या, दोन डझन. गुण येतोय." मिरजेत मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून मला चोवीस वर्षं झाली. तरी त्या दिवशी गर्दी होती, ओळखीचा माणूस होता, मी पुड्या मोजल्या आणि दिल्या. एवढ्या कशाला, हे विचारलं नाही.

ती पुडी म्हणजे व्हिटॅमिन डीची, साठ हजार युनिटची. डॉक्टरांनी आठ लिहून दिल्या होत्या, आठवड्याला एक. गुरुजींनी त्या बीपीच्या गोळीच्या डब्यात ठेवल्या, आणि त्या डब्यातलं सगळं रोज घ्यायचं असतं असा त्यांचा हिशोब. आठ संपल्यावर माझ्याकडून नेल्या, मग स्टँडजवळच्या दुकानातून. पन्नासेक दिवसांत तीस लाख युनिट पोटात गेली. मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिट धरली, तर हा साठा तेरा-चौदा वर्षांचा झाला. आधी तोंडाला कोरड, सारखी लघवी, मग मळमळ, बद्धकोष्ठ. घरच्यांना वाटलं पित्त झालंय. गुरुजी भलतंसलतं बोलायला लागले तेव्हा दवाखान्यात नेलं. रक्तातलं कॅल्शियम खूप चढलेलं होतं. सलाईनवर अकरा दिवस काढले. मूत्रपिंडं पूर्वपदावर यायला त्याहून कितीतरी वेळ लागला.

तेव्हापासून डीची पुडी मागणाऱ्या प्रत्येकाला मी वार विचारते. कुठल्या वारी घेणार? वार सांगता आला नाही तर पुडी काउंटरवरच राहते. लोक वैतागतात, वैतागू देत.

तर पुडीचंच आधी सांगते. कमतरता निघाली की नेहमीची पद्धत अशी: आठवड्याला एक, आठ आठवडे, नंतर डॉक्टर सांगतील तशी महिन्याला एक किंवा रोजची छोटी मात्रा. चिठ्ठीवरच्या इंग्रजी अक्षरांत 'ओडी' म्हणजे रोज एकदा आणि 'ओडब्ल्यू' म्हणजे आठवड्यातून एकदा. घाईच्या अक्षरात या दोन्हींत फरक दिसत नाही. म्हणून डॉक्टरांसमोरच त्यांना वार मराठीत लिहायला सांगा. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं, तेव्हा अनशापोटी पाण्याबरोबर घेण्यापेक्षा दुपारच्या जेवणावर घ्या, वरणभातावर तूप असेल त्या जेवणावर. दुधातून घेतलीत तरी चालेल. एखादा रविवार चुकला तर सोमवारी घ्या, पण पुढच्या रविवारी दोन घेऊ नका. जास्तीची डी लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठते. बी-कॉम्प्लेक्ससारखी ही चीज नाही.

वर्षाला एकच मोठं इंजेक्शन टोचून मोकळं होण्याची कल्पना लोकांना फार आवडते. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट तोंडावाटे देऊन पाहिली, त्याचा निकाल २०१० साली आला. त्या बायका कमी पडण्याऐवजी जास्त पडल्या, आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. थोडं थोडं घेतलेलंच अंगी लागतं.

आता कॅल्शियम. इथे घोळ आकड्याचा आहे. पाकिटावर मोठ्या अक्षरात ५०० असतं, आणि मागे बारीक अक्षरात कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलीग्रॅम. यातला ५०० हा आकडा 'एलिमेंटल', म्हणजे निखळ कॅल्शियमचा. आपल्या हिशोबात तोच धरायचा. कार्बोनेटमध्ये निखळ कॅल्शियम ४० टक्के असतं, सायट्रेटमध्ये २१ टक्के. म्हणजे सायट्रेटच्या हजाराच्या गोळीत खरं कॅल्शियम दोनशे दहाच. गिऱ्हाईक हजार बघून खूश होतं.

गोळी घेण्याआधी ताटाचा हिशोब करा. आमच्या सासूबाई एकाहत्तरच्या. ओल्या अंगणात घसरल्या आणि मनगट मोडलं, तेव्हा हाडांची तपासणी झाली आणि टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या घट्टपणाचा आकडा, उणे २.७ आला. उणे अडीच किंवा त्याखाली गेलं की हाडं ठिसूळ झाली असं धरतात. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं असं आपल्या आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने, २०२० साली ठरवलंय, बाकी बहुतेक मोठ्या माणसांना १०००. मी वही घेऊन त्यांच्याशेजारी बसले. दिवसभरात दोनशे मिली दूध, म्हणजे साधारण २४०. नाचणीची एक भाकरी, पन्नास ग्रॅम पिठाची, म्हणजे १८०. वाटीभर दही दीडशेच्या आसपास. मोठा चमचाभर तीळ घातलेली चटणी, शंभर. भाजी-आमटीतून आणखी थोडं. बेरीज सातशेच्या आसपास गेली. उरलेल्या पाचशेसाठी दिवसाला दोन गोळ्या लागत नाहीत. सासूबाई मात्र शेजारणीचं बघून सकाळ-संध्याकाळ घेत होत्या, वर गुडघ्याची म्हणून एक वेगळी गोळी, आणि त्या गोळीतही कॅल्शियम. छातीत जळजळलं की चघळायच्या काही गोळ्यांतही कॅल्शियम कार्बोनेटच असतं, तेही मोजायचं राहून जातं.

आतड्याला एका वेळी पाचशेच्या आसपासच कॅल्शियम नीट पचवता येतं. हजाराची गरज असेल तर दुपारी एक, रात्री एक अशी वाटून घ्या. कार्बोनेटला जठरातलं आम्ल लागतं, म्हणून ती गोळी जेवणावरच. एकादशीला जेवण नाही म्हणून सासूबाई ती रिकाम्या पोटी घ्यायच्या. साबुदाण्याच्या खिचडीवर घेतली तर उपास मोडत नाही, हे पटवायला मला दोन एकादश्या लागल्या. पित्ताची गोळी, म्हणजे पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल वगैरे, कायमची चालू असेल तर पोटात आम्लच कमी असतं आणि कार्बोनेट नीट पचत नाही. अशांना डॉक्टरांना विचारून सायट्रेट बरं. ते जेवणाआधी-नंतर कधीही चालतं, आणि पोटही त्यामानाने कमी धरतं. किंमत जास्त आणि गोळीही मोठी, घशात अडकते म्हणून तक्रार येते. मधल्या रेघेवर मोडून घ्या, अर्धी आत्ता, अर्धी पाच मिनिटांनी.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इतर गोळ्यांशी गाठ पडून. माझी जाऊ सकाळी सातला चहाबरोबर थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी एकदमच गिळायची, कामावर जायची घाई म्हणून. कॅल्शियम थायरॉइडच्या औषधाला आतड्यातच धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. तिचा टीएसएच, म्हणजे औषध कमी पडलं की वाढणारा रक्ततपासणीतला थायरॉइडचा आकडा, चढत गेला, डॉक्टरांनी दोनदा मात्रा वाढवली. तिला विचारलं तेव्हा उलगडा झाला. थायरॉइडची गोळी पहाटे अनशापोटी पाण्याबरोबर आणि कॅल्शियम निदान चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणावर, एवढं केल्यावर दोन महिन्यांनी तिची मात्रा परत खाली आली. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळीचंही तसंच: लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर ठेवा. गरोदर मुलींना दोन्ही लिहून देतात आणि त्या एका घोटात घेऊन टाकतात. डॉक्सीसायक्लिन, सिप्रोफ्लोक्सासिन अशी जंतूंची औषधं चालू असली तर ते चार-सहा दिवस कॅल्शियम बंद ठेवलं तरी चालेल का, हे विचारून घ्या. चालत नसेल तर अंतर ठेवावं लागतं.

हाडांसाठी आठवड्याला एक अशी अॅलेंड्रोनेटची गोळी असते, ती सासूबाईंना आहे. ती सकाळी उठल्या उठल्या, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, चहा-दूध काही नाही, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका सोलवटून निघते. त्या अर्ध्या तासात कॅल्शियम तोंडात गेलं तर तिचा उपयोग शून्य.

काही माणसांना मी गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांकडे परत पाठवते. मुतखडा होऊन गेलेले. क्रिएटिनिन वाढलेले, म्हणजे मूत्रपिंडं अशक्त असलेले. टीबीचे उपचार चालू असलेले. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणारे. बीपीसाठी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असलेली, लघवी वाढवणारी गोळी घेणारे, कारण ती गोळी कॅल्शियम लघवीतून जाऊ देत नाही. मुतखड्याबद्दल उलटं ऐकून लोक दूधच सोडतात, ते करू नका. अमेरिकेत छत्तीस हजार बायकांवर झालेल्या अभ्यासात, २००६ साली, कॅल्शियम आणि डीच्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखडे सतरा टक्के जास्त दिसले. जेवणातल्या कॅल्शियमची गोष्ट वेगळी, ते पालकासारख्या भाज्यांतल्या, मुतखडा करणाऱ्या ऑक्झलेटला पोटातच बांधून घेतं. आणि पाकिटावर 'कॅल्सिट्रिऑल' असं लिहिलेलं असेल तर ती साधी डी नव्हे, ती तयार, कामाला लागलेली डी आहे. एकाची पट्टी संपली म्हणून दुसरी उचलू नका, दुकानदाराने 'सेमच आहे' म्हटलं तरी.

उन्हाचं बरेच जण विचारतात. कोवळ्या उन्हात बसलं की डी मिळते हे आपल्याकडे घराघरात सांगतात. मी बाळंतिणींना कधी बोलून दाखवत नाही, पण सकाळी सातच्या उन्हात डी तयार करणारे किरण जवळजवळ नसतात. अंगणात उभं राहून सावली बघा. आपल्यापेक्षा बुटकी असेल तर त्या उन्हाचा उपयोग. साधारण अकरा ते तीनमध्ये, वीसेक मिनिटं, हातपाय उघडे ठेवून. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं नाही. एप्रिल-मेमध्ये सांगलीकडचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको, तेव्हा डोक्यावर पदर घ्या आणि वेळ कमी करा.

डीची रक्ततपासणी केलीत तर आकड्याशेजारचं एकक बघा. नॅनोग्रॅममधले २० आणि नॅनोमोलमधले ५० एकच. हे न बघता गेल्या वर्षी एक जण रिपोर्ट घेऊन 'माझी डी अडीच पट वाढली' म्हणून पेढे द्यायला आले होते. औषध सुरू केल्यावर तीन महिन्यांच्या आत परत तपासू नका, पैसे वाया. चाळिशीतल्या, काही मोडलेलं नाही, काही दुखत नाही अशा माणसांनी 'असू दे बळकटीसाठी' म्हणून घ्यायची तर मी पट्टी विकते खरी, पण २०२२ साली आलेल्या पंचवीस हजार माणसांच्या अभ्यासात रोज दोन हजार युनिट डी घेऊनही धडधाकट माणसांची हाडं मोडण्याचं प्रमाण काही कमी झालं नव्हतं. त्या पैशात नाचणी येते.

गोळ्या चालू असताना सतत तहान, न थांबणारी मळमळ, पोट गच्च, डोकं जड असं काही वाटलं तर कॅल्शियम आणि डी दोन्ही थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या, पुड्या, चूर्णं एका पिशवीत भरून न्या. नावं आठवायच्या फंदात पडू नका.

आमच्याकडे पुडीचा वार आम्ही कॅलेंडरवर गोल करून ठेवतो, दुधाचे खाडे लिहितो त्याच कॅलेंडरवर. पहिल्याच महिन्यात नवऱ्याने ते चार गोल खाडे समजून चार दिवसांचं दूध बिलातून वजा केलं आणि दूधवाल्याशी दारात वाद घातला. आता पुडी लाल पेनाने.