जॅग्वार एक्सके १२० ड्रॉपहेड : गरम इंजिनातून काळा धूर

गाडी 1953 नंतरची, 3442 सीसी इंजिन, एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर. गरम झाल्यावरही आयडलिंग लडखडत होतं, प्लग काजळत होते आणि इंजिनाजवळ सतत 'हिस्स' आवाज येत होता. तो आवाज स्टार्टिंग कार्ब्युरेटरचा, म्हणजे फक्त थंड इंजिन सुरू करण्यासाठीच्या छोट्या जादा कार्ब्युरेटरचा. थंड इंजिनाला जादा पेट्रोल देऊन त्याने साधारण 35 अंशांना बंद व्हायला हवं. ते काम कूलंटच्या मार्गावरचा, तापमानावर चालणारा ऑटर स्विच करतो: थंड असताना सोलेनॉइडला (स्टार्टिंग कार्ब्युरेटरची झडप उघडणाऱ्या विद्युतचुंबकाला) अर्थिंग जोडून देतो, तापला की तोडतो.

इंजिन गरम असताना स्विचची वायर काढली आणि आवाज थांबला, म्हणजे दोष स्विचमध्ये. थांबला नसता तर वायर कुठेतरी बॉडीला चिकटलेली किंवा सोलेनॉइडची चकती अडकलेली.

थोडं कूलंट काढून स्विच सोडवला आणि कोमट पाण्यात थर्मामीटरसह मल्टिमीटरवर तपासला. पाणी कितीही तापलं तरी शून्य ओहम, म्हणजे जोड तुटतच नव्हता! कॉन्टॅक्ट वितळून चिकटले होते. नवा स्विच, नवं गॅस्केट.

ऑटर स्विचऐवजी डॅशबोर्डखाली हाताने चालवायचा स्विच बसवण्याचा उपाय स्वस्त आणि खरं तर जास्त भरवशाचा. फक्त मूळपणाचे आग्रही नाकं मुरडतात. काहीही करा, ऑइल मात्र बदलाच. जादा पेट्रोल सिलिंडर धुऊन त्यात उतरलेलं असतं.