पावसाळ्यात मॉडेलवरचा प्रायमर सोलू नये म्हणून

गोव्यात पावसाळ्यात हवा इतकी दमट, की विमानासारख्या छोट्या प्लॅस्टिक मॉडेलवरचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर) वरून सुकल्यासारखा वाटतो आणि मास्किंग टेप ओढली की सालीसारखा निघतो.

१. रंगवण्याआधी भाग कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातून भागावर आलेला तेलकटपणा जायलाच हवा. विमानाच्या पंखांवरच्या बारीक रेघांतही ब्रश फिरवा. पूर्ण वाळू द्या, मग उघड्या बोटांनी धरू नका.

२. बाटलीवर ‘प्रायमर’ लिहिलेलंच घ्या. नुसता राखाडी रंग नको. दोन-तीन पातळ हात द्या. पहिल्यातून प्लॅस्टिक दिसलं तरी चालेल.

३. हाताला सुकल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत किमान २४ तास ठेवा. चपलांच्या खोक्यातल्या पुड्या मी जपून ठेवतो.

घाईत हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका, पातळ भाग वाकतात.