मराठी पीडीएफ ऐकून वाचता यावी म्हणून: आधी ‘वार्षिक’ तपासा

पीडीएफ उघडा. त्यातला ‘वार्षिक’ हा शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे ‘वार्षिक’ असंच उमटलं तर पुढे जा. ‘वािषर्क’ उमटलं, किंवा रोमन अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी उमटली, तर बाकीची तपासणी बाजूला ठेवा. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, नोटपॅडमध्ये जे आलं तेच वाचणार आहे.

मी कोल्हापुरात डीटीपीचं काम करतो. जुलै उजाडला की पतसंस्था, दूध संस्था, सेवा संस्थांचे अहवाल टेबलावर येऊन पडतात, कारण ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यायची असते. आता छापील प्रतीसोबत पीडीएफही सभासदांच्या व्हॉट्सॲपवर जाते. काही वर्षांपूर्वी मी एक अहवाल ‘सुलभ’ करून दिला होता. टॅग लावले, म्हणजे शीर्षक कुठलं, परिच्छेद कुठला, तक्ता कुठला हे स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या खुणा केल्या, चित्रांना वर्णनं दिली, ॲक्रोबॅटच्या तपासणीत एकही चूक निघाली नाही. दोन दिवसांनी त्या संस्थेच्या एका अंध सभासदांचा फोन आला. ते निवृत्त शिक्षक. म्हणाले, “नातवानं फाईल लावून दिलीया, पण एक शब्द कळंना. हे मराठीच हाय न्हवं?” मी तीच फाईल एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर लावून ऐकली. मराठीचा एक शब्दही कानावर पडला नाही. ते अजून आठवतं, म्हणून या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे.

घोटाळा दोन प्रकारचा असतो. पहिला जुन्या फॉन्टचा. कृतिदेव, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये कागदावर देवनागरी दिसते, पण फाईलमध्ये साठलेली अक्षरं रोमन असतात. कृतिदेवमध्ये ‘भारत’ टाइप केलं की आत एच, के, के, जे, आर एवढंच असतं. स्क्रीन रीडर तेच बोलतो. तपासणीचं सॉफ्टवेअर मात्र खूश, कारण टॅग आहे आणि टॅगमध्ये मजकूर आहे. मजकुराला अर्थ आहे का, हे ते पाहत नाही.

दुसरा घोटाळा युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरं देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, केलेल्या फाईलीतही सापडतो आणि म्हणूनच जास्त फसवतो. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या नंतर साठवतात, पण ती दिसते व्यंजनाच्या आधी. रफाराचं उलटं: साठवताना तो आधी असतो, दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. पीडीएफमध्ये मुळात आकार आणि त्यांच्या जागा नोंदलेल्या असतात. कुठला आकार म्हणजे कुठली अक्षरं, याची नोंद फाईल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने नीट ठेवली नाही, तर मजकूर दिसतो त्या क्रमाने बाहेर येतो आणि शब्द मोडतो. जोडाक्षरांचे तर कधीकधी रिकामे चौकोन होतात. ‘वार्षिक’मध्ये वेलांटी आणि रफार दोन्ही एकाच अक्षरावर आहेत, आणि हा शब्द प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर सापडतोच. म्हणून तो माझा कसोटीचा शब्द. जोडीला ‘विद्यार्थी’ किंवा ‘कार्यकारी’ घ्या.

यावर दोन सल्ले सगळीकडे मिळतात. एक, ओसीआर करून घ्या. दोन, ॲक्रोबॅटमध्ये टॅगच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ॲक्च्युअल टेक्स्ट’, म्हणजे स्क्रीन रीडरने वाचायचा खरा मजकूर, हाताने भरा. मूळ फाईल हाताशी असेल तर दोन्ही करू नका. ओसीआर म्हणजे आपणच टाइप केलेला मजकूर यंत्राला अंदाजाने पुन्हा वाचायला लावणं. त्यात अनुस्वार गळतात आणि आकडे बदलतात. ॲक्च्युअल टेक्स्ट एखाद्या शीर्षकाला ठीक. साठ पानी अहवालाला ते केलंत तर पुढच्या वर्षी सगळं पुन्हा करावं लागेल. दुरुस्ती मूळ फाईलमध्येच करायची.

जुना फॉन्ट असेल तर मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि मग डोळ्यांत तेल घालून वाचा. कन्व्हर्टर नेमका कुठे चुकतो ते सांगतो. मधे आलेले खरे इंग्रजी शब्द, ईमेलचे पत्ते, पॅन क्रमांक यांनाही तो जुन्या फॉन्टचं मराठी समजून बदलतो, म्हणून ते आधी बाजूला काढून ठेवा. ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’ यातला अर्धा र, ‘बँक’मधला चंद्र आणि ‘ऑडिट’मधला ऑ हमखास बिघडतात. आणि आकडे. ताळेबंदातला प्रत्येक आकडा लेखापरीक्षकाने सही केलेल्या प्रतीशी ताडून पाहा. दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगा, आपण खुणा करा. यात घाई केलीत तर सभेत त्याचं उत्तर संस्थेच्या सचिवाला द्यावं लागतं.

पीडीएफ काढताना ‘प्रिंट’मधून कधीही काढू नका, त्यात टॅग उरत नाहीत. वर्डमध्ये ‘सेव्ह ॲज’ करून पर्यायांमध्ये ‘डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी’वर खूण हवी. लिब्रे ऑफिसमध्ये ‘टॅग्ड पीडीएफ’ किंवा पीडीएफ/यूए (सुलभ पीडीएफचं मानक) हा पर्याय निवडा. इनडिझाइनमध्ये मजकुराला देवनागरी नीट जुळवणारा ‘वर्ल्ड रेडी’ कंपोजर लावलेला असला पाहिजे. मग ‘वार्षिक’ची चाचणी पुन्हा, आणि शीर्षक, मजकूर, तक्ता अशा तिन्ही ठिकाणी, कारण तिथे बहुधा फॉन्ट वेगळे असतात. एका सॉफ्टवेअरमधून शब्द मोडून येत असेल तर तीच फाईल दुसऱ्यातून काढून पाहा. माझी कितीतरी कामं एवढ्यानेच सुटली आहेत.

बाकीचं सोपं आहे. शीर्षकं ठळक करून भागत नाही, हेडिंगची स्टाइल लावा. भाषा मराठी ठेवा. ॲक्रोबॅटच्या यादीत ती दिसली नाही तर रोमन लिपीत ‘एमआर’ ही मराठीच्या कोडची दोन अक्षरं टाइप करा. फाईलच्या गुणधर्मांत नाव भरा. शोभेच्या महिरपी आणि पानावरची नक्षी ‘आर्टिफॅक्ट’ करा, म्हणजे स्क्रीन रीडर ती वगळतो. अध्यक्षांच्या फोटोचं वर्णन ‘फोटो १’ असं नको, तो कोणाचा आहे ते लिहा. अक्षर आणि पार्श्वभूमीच्या रंगांतलं प्रमाण किमान ४.५ : १ हवं, म्हणजे पिवळ्यावर भगवी अक्षरं गेली. सहीसाठी अख्खी नोटीस छापून स्कॅन करू नका, फक्त सहीचं चित्र लावा.

तक्त्याबद्दल थोडं थांबून सांगतो. आपला ताळेबंद एकाच तक्त्यात डावीकडे भांडवल व देणी आणि उजवीकडे मालमत्ता व येणी असा मांडायची पद्धत आहे, दोन्ही बाजूंना मागच्या वर्षाचा रकाना. ऐकणारा माणूस ओळीने ऐकतो. ‘ठेवी’ची रक्कम संपते न संपते तोच ‘कर्ज येणे’ सुरू होतं, आणि कुठला आकडा कशाचा ते कळत नाही. छापील प्रतीत जुनी मांडणी राहू द्या, पीडीएफमध्ये दोन स्वतंत्र तक्ते करा, एकाखाली एक. एकत्र केलेले रकाने सोडवा आणि वरची ओळ शीर्षक-ओळ म्हणून नेमा. संचालक नाराज होतात, “असा ताळेबंद असतोय व्हय?” म्हणतात. तरी करा.

आता सॉफ्टवेअरची पाळी. पीएसी हे पीडीएफची सुलभता तपासणारं सॉफ्टवेअर विंडोजवर फुकट मिळतं आणि चुका जागेसकट दाखवतं. ॲक्रोबॅटची तपासणी वाचनाचा क्रम आणि रंगांचा फरक हे दोन मुद्दे नेहमी माणसावर सोडते. पीडीएफ/यूएसाठीच्या मॅटरहॉर्न नियमावलीत चुकांचे १३६ प्रकार दिले आहेत, आणि त्यांतल्या ४७ प्रकारांना सहसा माणसाचाच निर्णय लागतो. म्हणून एनव्हीडीए उतरवून घ्या, तेही फुकट आहे आणि त्यात मराठी आवाज आहे. स्क्रीन बंद करा. इन्सर्ट आणि खालचा बाण दाबून पहिली पाच पानं ऐका. एच दाबत शीर्षकांवरून फिरा, टी दाबून तक्त्यावर या, कंट्रोल आणि ऑल्ट धरून बाणांनी रकान्यांत फिरा. आकडा ऐकल्यावर तो कशाचा ते सांगता आलं नाही, तर तक्ता अजून झालेला नाही.

शेवटची प्रत मी त्या निवृत्त शिक्षकांना पाठवतो. ते मोबाईलवर टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर लावून ऐकतात आणि फोन करतात. गेल्या अहवालात त्यांनी लाभांशाच्या तक्त्यातली एक ओळ दोनदा येते हे सांगितलं. पीएसी, ॲक्रोबॅट आणि मी, तिघांच्याही नजरेतून ती सुटली होती. ती काढली आणि मग फाईल संस्थेच्या ग्रुपवर गेली.