सोल्डरिंग शिकताय? आधी पॅड तापवा, मग तार लावा

नवीन माणूस हमखास काय करतो, तर आयर्नच्या बिटवर, म्हणजे तापणाऱ्या पुढच्या भागावर, सोल्डरचा थेंब घेतो आणि तो नेऊन जॉइंटवर पुसतो. हे करूच नका. सोल्डरच्या तारेच्या पोटात फ्लक्स असतो, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून घातलेला पदार्थ, तो बिटवरच जळून धूर होऊन जातो, आणि जॉइंटपर्यंत पोचतो तो नुसता धातू, जो गार तांब्याला काही धरत नाही.

सामान फार लागत नाही. 25 वॉटचं साधं आयर्न, स्टँड, ओला स्पंज, कटर, सरावाला झिरो पीसीबी (भोकांचा कोरा बोर्ड) आणि 0.8 एमएमची सोल्डरची तार. मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं. दुकानदार बहुतेक 60/40 ची (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं) तार काढून देईल, चालते तीही, पण असेल तर 63/37 मागा, ती 183 डिग्रीला एकदम वितळते आणि एकदम गोठते. 60/40 मधे थोडा वेळ लापशीसारखी राहते, तेवढ्यात हात हलला की जॉइंट गेला. आणि नळकामवाल्यांचा ॲसिडवाला फ्लक्स चुकूनही वापरू नका, बोर्ड खातो तो.

आयर्न तापलं की बिट स्पंजवर पुसा आणि लगेच थोडं सोल्डर लावून चकचकीत करा. काळ्या पडलेल्या बिटमधून उष्णता पुढे जातच नाही, मग लोक आयर्नला शिव्या घालतात. कोटिंगवाली बिट असेल तर कानस, पॉलिशपेपर वगैरे लांब ठेवा, कोटिंग गेलं की बिट संपली.

आता मुख्य काम. बिटचं टोक नाही, बाजू टेकवा, अशी की पॅड (बोर्डवरचा तांब्याचा ठिपका) आणि पार्टचा पाय दोन्हींना एकदम लागेल. एक-दोन सेकंद थांबा. मग समोरच्या बाजूने तार पायाला लावा, बिटला नाही, पाय तापला असेल तर ती आपोआप वितळून पॅडभर पसरते. पुरेसं झालं की आधी तार काढा, मग आयर्न. सगळं मिळून तीन-चार सेकंदात उरकायचं, रेंगाळलात तर पॅड उचकटतो. ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला मात्र जास्त वेळ लागतो, तिथे घाई नको. गार करायला फुंकर मारायची सवय असेल तर सोडा.

चांगला जॉइंट पायाकडे निमुळता चढत जातो, कडा पॅडला चिकटलेल्या. गोल मणी बसला असेल तर पॅड तापलाच नव्हता. या तारेने मळकट, खडबडीत दिसला तर बहुतेक गोठताना हलला. दोन्हीला उपाय एकच, थोडा फ्लक्स लावून परत तापवा, उगाच वर अजून सोल्डर ओतू नका. शेजारचे दोन पॅड जोडले गेले तर डिसोल्डरिंग विकने (तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) जादा सोल्डर ओढून घ्या, आणि सप्लाय देण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवून शॉर्ट नाही ना बघा.

धूर फ्लक्सचा असतो, नाकात घेऊ नका, खिडकी उघडा. तारेत शिसं आहे, त्यामुळे हात साबणाने धुतल्याशिवाय खायला बसू नका. आणि आयर्न बंद करताना बिटवर सोल्डरचा जाडसर थर ठेवून द्या, पुसायचा तो पुढच्या वेळी.