आधी आत डोकव, मग सोड

राजारामपुरीतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात सगळं उबंटू या लिनक्स सिस्टिमवर चालतं. नव्या पोराला पहिलं सांगतो: भावा, टार किंवा झिप फाइल, म्हणजे अनेक फायलींचं एकच गाठोडं, मूळ साइटवरूनच उतरव. तिथं चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला अक्षर-आकड्यांचा ठसा, दिला असेल तर टर्मिनलमध्ये ‘शा२५६सम’ आणि फाइलचं नाव टाकून ताडून बघ. एक अक्षर वेगळं आलं की फाइल उडव. जुळलं, तरी गाठोडं लगेच सोडायचं न्हाई. ‘टार -टीएफ’नं आतली यादी बघ, झिप असेल तर ‘अनझिप -एल’. काही टारमध्ये वरचं फोल्डरच नसतं, सगळ्या फायली डेस्कटॉपभर सांडतात. आवरत बसायचं कुणी? म्हणून रिकामं फोल्डर करून त्यातच सोड. यादीत दोन टिंबांचा (..) किंवा तिरक्या रेघेनं (/) सुरू होणारा फाइलचा रस्ता, म्हणजे पाथ, दिसला तर हात लावू नको. आणि सूडो, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं कमांड चालवणं, कशाला? आपल्याच फोल्डरात फाइल सोडायला ते लागत न्हाई.